माझ्या आवडीचे न दाखवलेले एपिसोड

आवडलेल्या एपिसोडांची यादी माझ्याकडे कुणी मागितली तर पंचाईत होईल. त्यातले पहिले चार कुठल्याच वाहिनीवर कधी दाखवले गेलेले नाहीत. ते मी केलेले आहेत, माधवनगरच्या घरात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान. पाहणारं कोणी नव्हतं. ऐकणारी एकच होती, माझी आई. तिच्यामार्फत मात्र ते उज्जैनच्या सात-आठ मराठी घरांत पोचले आणि तिथे काही महिने खरे म्हणून नांदले.

मी बोलका माणूस नाही. वीज खात्यात तीस वर्षं काढली, तिथे मला 'साइलेंट मोड' म्हणतात, तेही तोंडावर, कारण मी उत्तर देणार नाही याची सगळ्यांना खात्री असते. ही गोष्टही मी कुणाला आपणहून सांगितली नव्हती. बायकोला ठाऊक होती, पण तिला सांगावी लागली नाही. आमच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू जातं.

सुरुवात आईच्या डोळ्यांपासून झाली. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडला. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, वाढणार नाही पण जाणारही नाही, असं इंदूरचे डॉक्टर म्हणाले. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणजे टीव्ही दिसत नाही, पण टीव्हीशेजारच्या भिंतीवरची पाल दिसते. आई दोन वर्षं एक मराठी मालिका न चुकता बघत होती, आणि आता तिने ती नुसती ऐकावी असं आम्ही ठरवलं. मालिका ऐकता येते असा आमचा समज होता. तो एका संध्याकाळीच संपला. बावीस मिनिटांतली दहा मिनिटं ती माणसं काही बोलतच नाहीत. एकमेकांकडे बघत राहतात आणि मागे वाद्यं वाजतात.

"काय झालं?" आई विचारायची.

"काही नाही. बघून राहिलीय."

"कोण?"

"धाकटी. सासूकडे."

"आणि सासू?"

"ती पण बघून राहिलीय."

"मग ढोल कशाला बडवून राहिलेत?"

पण हळूहळू मला ते काम जमायला लागलं. नुसतं 'बघतेय' म्हणण्याऐवजी कशी बघतेय ते सांगू लागलो. दूध उतू चाललंय आणि गॅस बंद करायचा आपला नंबर नाही, अशी बघतेय. आई म्हणायची, "आलं लक्षात." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बोलण्याची वाट बघत होतं. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला याची चटक लागते, हे मी आधी कबूल करून टाकतो.

सिनेमाबद्दलची माझी सगळी मतं त्याच खुर्चीवर तयार झाली. माझी कसोटी एकच: ज्याला दिसत नाही त्याला सांगताना सिनेमा किती उरतो. हिंदीत डब केलेले दक्षिणेकडचे मारामारीचे सिनेमे या कसोटीवर फार उत्तम उतरतात. एक माणूस, समोर वीस माणसं, एक जीप. जीप उडाली. मिशी हलली नाही. एवढं सांगितलं की आईसमोर चित्र उभं राहायचं आणि ती विचारायची, "वीसचे वीस एकदम का नाही येत, नंबर लावून काय येतात?" हाच प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे. त्यामुळे या सिनेमांना कुणी नावं ठेवली की मला वाईट वाटतं, पण मी बोलत नाही.

उलट, बक्षिसं मिळालेला एक गंभीर सिनेमा आम्ही एका रविवारी दुपारी लावला होता. त्यात एक म्हातारा खिडकीत उभा राहून बाहेर बघतो. मी तसं सांगितलं. दोन मिनिटांनी आईने विचारलं, अजून? मी म्हणालो, अजून. पाच मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं. म्हातारा तिथेच होता. शेवटी ती म्हणाली, "त्याला कोणी चहाला पण हाक मारत नाही का?" आणि खरं सांगतो, त्या सिनेमाचा संपूर्ण आशय हाच होता. नंतर एका जाणकाराचं लांबलचक परीक्षण वाचलं, त्यात चार कॉलम खर्चून तो एवढ्यावरच पोचला होता.

विनोदी सिनेमे सगळ्यांत अवघड. माणूस पडला हे सांगून हसू येत नाही, कसा पडला ते सांगावं लागतं. एकदा मी ते करून दाखवायला गेलो आणि टीपॉयवर आपटलो. मी तिच्या कडेला होतो, त्यामुळे तिला ते पूर्ण दिसलं. त्यानंतर ती आठवडाभर तोच सिनेमा पुन्हा लाव म्हणत होती.

आता गुरुवारचं सांगायला हवं. आमच्याकडच्या मराठी बायकांचं दर गुरुवारी चार वाजता भजन असतं, आळीपाळीने एकेकीच्या घरी. बहुतेकींच्या सुना इकडच्याच, हिंदी बोलणाऱ्या, त्यामुळे घरचा टीव्हीही हिंदी. मराठी वाहिनी फक्त आमच्याकडे. म्हणून एक रीत पडून गेली होती. आरती झाली, टाळ खाली ठेवले, साबुदाण्याची खिचडी वाटली, की आईने आठवडाभराची मालिका सांगायची. त्या याला कीर्तनातल्यासारखं 'उत्तररंग' म्हणत. आई भिंतीला टेकून बसायची, घसा साफ करायची, आणि मागच्या गुरुवारी आपण कुठे होतो ते आधी त्यांनाच विचारायची. डोळे गेल्यावर तिच्याकडून एकेक काम काढून घेतलं गेलं होतं. निवडणं, टिपणं, वाचणं. हे एक राहिलं होतं. कुणाला आधी कळलं, कुणाला नंतर, कुणाचा पदर कसा अडकला, हे ती असं सांगायची की म्हणे एका काकूंनी खिचडीचा घास तोंडापर्यंत नेऊन पुन्हा खाली ठेवला होता. त्या घरांतून आईला जो मान होता तो या उत्तररंगाचा होता, आणि त्याचा कच्चा माल मी पुरवत होतो.

त्या मालिकेत एक थोरले दीर होते. घरात इतकं कारस्थान चाललेलं, आणि हे आपले आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेले. आठवड्यातून एक वाक्य बोलायचे, पण त्या वाक्याने भांडण मिटायचं. पेपर वाचून झाला की चार घड्या घालून खुर्चीच्या हाताखाली ठेवायचे. ही चार घड्यांची गोष्ट आईला डोळे चांगले असताना दिसलेली होती. माझे वडील तसंच करायचे. ती हे कधी बोलली नाही, पण थोरल्यांचा आवाज आला की हातातल्या वाती वळायची थांबायची.

एका सोमवारी थोरले खुर्चीत बसले होते. संवाद नाही. मंद बासरी. त्यांच्या हातातला पेपर हळूच निसटला आणि जमिनीवर पडला. त्यांनी तो उचलला नाही. कॅमेरा बराच वेळ पेपरवर थांबला. मला कळलं. उज्जैनमधल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं.

"काय झालं? बासरी का वाजून राहिलीय?"

"काही नाही," मी म्हणालो. "झोप लागलीय त्यांना."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला त्याच क्षणी समजलं. तीन वर्षांपूर्वी वडील इंदूरच्या दवाखान्यात दुपारी दोनला गेले. आईचा घरून फोन आला तेव्हा मी हेच म्हणालो होतो, झोपलेत. पुन्हा चारला आला, तेव्हाही झोपलेत. साडेपाचला गाडी दारात लागली आणि शेजारचे आधीच अंगणात जमलेले दिसले, तेव्हा तिला कळलं. त्यावर ती मला कधी काही बोलली नाही. मीही विषय काढला नाही. मला मरण सांगता येत नाही, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकतो, आणि ते काही सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मालिकेने थेट तीन महिन्यांची उडी घेतली आणि भिंतीवर थोरल्यांचा हार घातलेला फोटो दिसला. घरातली सगळी रडत होती, आणि ते तर आईला ऐकू येत होतं. बायको कणीक मळता मळता दारात येऊन उभी राहिली, आता काय करताय ते बघायला. मी घाईघाईने म्हणालो की आई, थोरले त्या दिवशी उठून कुणाला न सांगता निघून गेलेत, घरच्यांना वाटतंय नदीत बुडाले, पण आपल्याला आत्ता दाखवलं, ते जिवंत आहेत.

"आपल्याला दाखवलं?"

"हो. फक्त आपल्याला."

हा माझा शोध इतका बिनतोड निघाला की मलाच आश्चर्य वाटलं. पुढे घरात कुणी कितीही रडो, फोटोसमोर दिवा लावो, आई समाधानाने मान हलवायची. त्या बिचाऱ्यांना माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. मालिका बघणाऱ्याला याहून मोठं सुख नसतं.

पण जिवंत माणूस अधूनमधून दाखवावा लागतो. आठ-दहा दिवसांनी तिने विचारलं, थोरले आता आहेत कुठे? त्या वेळी पडद्यावर नुसतं संगीत वाजत होतं. मी म्हणालो, घाटावर बसलेत. दाढी वाढलीय. कसला घाट, तर नदीचा. मोठ्या छत्र्या आहेत, यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या पंड्यांची लाकडी तख्तं आहेत, पायऱ्यांवर कपडे वाळत घातलेत. लेखकाने आपल्या माहितीतलं लिहावं म्हणतात. मला एकच घाट माहीत होता.

आई पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "हा तर आपला रामघाट."

"तसाच दिसतोय खरा," मी म्हणालो.

माझे सर्वोत्तम चार एपिसोड यानंतरचे. पहिला, ज्यात थोरले एका यात्रेकरूच्या हरवलेल्या बायकोला शोधून देतात आणि नाव न सांगता निघून जातात. दुसरा पावसाच्या पाण्याचा, घाट बुडतो आणि ते वरच्या पायरीवर बसून पाणी उतरायची वाट बघतात. त्यात काही घडत नाही, पण माझ्या मते तो सगळ्यांत उजवा. तिसऱ्यात धाकटी सून घाटावर येते, अगदी दहा पायऱ्यांवरून जाते, आणि मध्ये छत्री येते. या छत्रीवरून आईला झोप आली नव्हती म्हणे. चौथ्यात ते कुणाकडून तरी पेपर मागून घेतात, वाचतात आणि चार घड्या घालतात. आई वाती वळायची थांबली.

फसायची वेळ एकदाच आली. खऱ्या मालिकेत थोरल्यांचं वर्षश्राद्ध निघालं आणि भटजी नाव-गोत्र घेऊन मोठ्याने संकल्प सांगायला लागले. मी उठून व्हरांड्यात गेलो आणि मेन स्विच खाली केला. घरातली, फक्त आमच्या घरातली, लाइट गेली. बायको आतून म्हणाली, "वीज खात्यातल्या माणसाच्या घरी हे असं. अहो, एक दिवस तुम्ही अडकणार." मी साडेआठपर्यंत अंधारात फ्यूज तपासत असल्याचं सोंग केलं.

मी अडकलो, पण ते वेगळ्याच वाटेने. गुरुवारच्या बायकांना आपल्या रामघाटावर मराठी मालिकेचं शूटिंग झालं आणि आपल्याला पत्ता लागला नाही, हे सहन होईना. एका सकाळी आईसकट पाचजणी एका ई-रिक्शात बसून रामघाटावर गेल्या. मी ऑफिसात होतो, दुपारी आईचा फोन आला तेव्हा कळलं. मला वाटलं, कुणीतरी सांगितलंच असणार की इथे काही शूटिंग-बिटिंग झालेलं नाही.

पण तिथे झालं भलतंच. त्यांनी छत्रीखाली बसलेल्या एका पंडाजींना विचारलं की भैया, इथे मराठी सीरियलवाले आले होते का, दाढीवाला एक माणूस होता. समोर पाच वयस्क माताजी, लांबून आलेल्या, आशेने उभ्या. पंडाजींनी त्यांना निराश केलं नाही. म्हणाले, "हाँ हाँ माताजी, आए थे. इसी तख्त पे बैठे थे. बड़े सीधे आदमी थे, चाय भी पी हमारे साथ."

फोनवर आई हे त्यांच्याच आवाजात सांगत होती. मी बनवलेला माणूस रामघाटावर चहा प्यायला होता. एक क्षण मला स्वतःलाच वाटलं, असेलही.

पाचजणींनी त्या तख्ताला हात लावून नमस्कार केला आणि घरी आल्या. पुढचे दोन गुरुवार म्हणजे आईच्या कारकिर्दीचा कळस होता.

मग बाईंच्या मुलीने पुण्याहून नवा फोन पाठवला. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, भजनातल्या सगळ्या त्यांना बाईच म्हणतात. फोनवर मालिकेचे जुने-नवे सगळे भाग बघता येतात हे कळल्यावर बाईंनी ते पहिल्यापासून, वहीत टिपून घेत, बघून काढले. गणिताच्या माणसाचं हे असं असतं. आणि एका गुरुवारी, उत्तररंगाच्या आधी, त्यांनी अगदी हळू, मायेने सांगितलं की अहो, घाट कुठेच नाही. थोरले ज्या दिवशी पेपर पडला त्याच दिवशी गेले. आई म्हणाली, पंडाजींनी सांगितलं की. बाई म्हणाल्या की पंडाजी हो म्हणणारच, आपण चंद्रावरचं कोणी आलं होतं का विचारलं असतं तरी त्याने चहा पाजला असता. कुणी हसलं नाही. मग बाईंनी आईच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या की वयाप्रमाणे होतं असं, डॉक्टरला एकदा दाखवून घ्या.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा आई टीव्ही न लावता बसली होती. तिने विचारलं, "घाटाचं तू सांगितलं होतंस ना मला?"

हा प्रश्न सोपा होता. उत्तर एका अक्षराचं होतं. आणि मी म्हणालो, "घाट? असेल. मला नीट आठवत नाही."

या लेखात मी आतापर्यंत जे काही कबूल केलं ते तुम्ही हसून सोडून द्यावं असं मला वाटतं. हे वाक्य तसं नाही. आई माझ्या दिशेने बघत राहिली, म्हणजे मी तिला दिसणार नाही अशी. मग म्हणाली, "म्हणजे माझंच काहीतरी."

त्यानंतर ती स्वतःची परीक्षा घेऊ लागली. सकाळी उठल्या उठल्या एकोणतीसचा पाढा म्हणायची. माहेरच्या घरच्या खिडक्या मोजायची. डबा उघडून हाताने चाचपायची, आत जे आहे म्हणून वाटलं तेच आहे ना हे बघायला. गुरुवारी म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा आता, माझं काही खरं नाही." बाईंनी सांगितलं, बरोबर सांगितलं, पण म्हणे त्या दिवशी खिचडी सगळ्यांनी भराभर संपवली. आणि घरी मालिका लागली की आई नुसती बसून राहायची. काय झालं म्हणून विचारत नव्हती. मी आपणहून सांगायला लागलो तर हात वर करायची, राहू दे म्हणून. त्या घरात माझं बोलणं ऐकणारं एकच माणूस होतं, आणि आता तेही नव्हतं. मी हे स्वतःच्या दुःखासारखं सांगतोय, तेही बरोबर नाही. दुःख तिचं होतं.

तिनेच आग्रह धरला म्हणून मी तिला फ्रीगंजमधल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. आईने त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असा जो सपाटा लावला त्यात डॉक्टरच मागे पडले आणि बस माताजी, बस म्हणाले. मग आईने स्वतःच सांगितलं, "मुझे वो बातें याद हैं जो हुई ही नहीं." डॉक्टर गंभीर झाले. त्यांनी विचारलं की टीव्ही बघताना सोबत अजून कोणी असतं का. मी म्हणालो, मी असतो.

"तो आपको क्या याद है?"

"मैं सोच के बताता हूँ," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मग माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता मलाही शंभरातून सात वजा करायला लावतात.

पुढच्या गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईला घेऊन बाईंच्या घरी गेलो. पुरुष म्हणून मी एकटाच, दाराजवळ चपलांच्या बाजूला बसलो. भजन झालं, आरती झाली. टाळ खाली ठेवले गेले. बाईंनी चष्मा लावला आणि वही उघडली. मी उभा राहिलो. एवढ्या बायकांसमोर मी लग्नात उखाणा घेतला तेव्हापासून उभा राहिलो नव्हतो.

"घाट मी सांगितला होता," मी म्हणालो. "थोरले त्याच दिवशी गेले. बाकी सगळं मी रचलं. आईच्या डोक्याला काही झालेलं नाही."

कुणाचा तरी पाय खाली ठेवलेल्या एका टाळाला लागला आणि तो बराच वेळ वाजत राहिला.

आईने माझ्याकडे तोंडही वळवलं नाही. समोर बघत म्हणाली, "परत सांग. मोठ्याने."

मी परत सांगितलं.

"मी इथे जे जे सांगितलं, ते मला तू सांगितलं होतंस? शब्दन् शब्द?"

"शब्दन् शब्द. छत्री पण."

"बाई, ऐकलंत?"

"ऐकलं," बाई म्हणाल्या.

"वहीत टिपून घ्या."

बाईंनी खरंच टिपून घेतलं. आईचा चेहरा मी तेव्हा बाजूने पाहिला. इतके दिवस तिने खांदे वर धरून ठेवले होते, ते खाली आले. मग कोपऱ्यातल्या एक काकू जरा वेळाने म्हणाल्या, "पण मग चहा कोण प्यायलं?" खिचडी आली. मला कुणी विचारलं नाही, पण बाईंनी एक बशी चपलांच्या दिशेने सरकवली.

घरी आल्यावर आई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "यांच्या वेळी पण तू झोपलेत म्हणालास. दोनदा."

मी पंख्याचं बटण दाबलं.

"तेव्हा मी बोलले नाही. म्हटलं, पोराच्या तोंडून निघत नसेल. पण दर वेळी मीच समजून घ्यायचं का रे?"

मी नाही म्हणालो. आवाज फुटला नसावा, कारण बायकोने स्वयंपाकघरातून सांगितलं, "नाही म्हणतायत ते."

आई उठली आणि बायकोला म्हणाली की पाणी काढ, अंघोळ करायची आहे. संध्याकाळचे सहा वाजले होते. बायकोने घाबरून विचारलं की कशाची अंघोळ. आई म्हणाली, थोरल्यांची. इतक्या महिन्यांनी कळलं की सुतक नसतं, नुसतं स्नान केलं की झालं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांना पुन्हा फोन करावा का अशा अर्थाने. आईला ते कडेने दिसलं. ती म्हणाली, "डोकं जागेवर आहे माझं, वहीत लिहिलंय. रोज साडेसातला घरात येणारा माणूस होता. आणि याला पण सांग करायला. याने तर जास्तच लांबवलंय."

म्हणून मीही केली. दोघं ओल्या केसांनी टीव्हीसमोर बसलो. टीव्ही बंद होता.

"आता सांग. कसे गेले?"

मी सांगितलं. खुर्ची, बासरी, हातातला पेपर. तो कसा आधी एका कोपऱ्यातून निसटला आणि मग सगळा खाली आला. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. मध्ये दोनदा थांबलो. तिने घाई केली नाही.

"पेपर कुणी उचलला?" तिने विचारलं.

"कुणी नाही. तिथेच एपिसोड संपला."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी एकदम फोटो."

"कसली माणसं आहेत," ती म्हणाली, आणि ती मालिकेच्या घरच्यांबद्दल बोलत होती की मालिका करणाऱ्यांबद्दल, ते मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी उत्तररंग पुन्हा आईकडे आला. बायकांनीच मागून घेतला. बाईंचं सगळं बरोबर असतं पण घास हातात थांबत नाही, असं त्यांनी बाईंसमोरच सांगितलं. अट एवढीच की बाई फोन घेऊन शेजारी बसणार आणि मीही हजर राहणार. आईने सुरुवात थोरल्यांच्या जाण्यापासून केली. राहून गेलं होतं ना, म्हणाली. खुर्ची सांगितली, बासरी सांगितली. पेपर पडल्याचं सांगितलं तेव्हा कुणाचाच हात खिचडीकडे गेला नाही.

"मग धाकटी आली," आई म्हणाली. "तिने खाली वाकून पेपर उचलला. चार घड्या घातल्या. आणि खुर्चीच्या हाताखाली ठेवून दिला."

बाईंच्या फोनवर तोच भाग उघडलेला होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग बाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "पुढे?"